लेखांक ७ : अडचण ऑक्सिजनची आहे

गेल्या आठवड्यात थळच्या खत कारखान्याच्या निमित्ताने नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन कसा काढतात ते पाहिले. निकेलचा उत्प्रेरक भरलेल्या उंच नळ्या, ८०० ते ९०० अंशांची आच, वाफेचा मारा आणि किलोभर हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड. आता वळू पाण्याकडे.

पाणी विजेने फोडण्याचा प्रयोग बहुतेकांनी शाळेत पाहिलेला असतो. पेन्सिलीतल्या शिशाच्या दोन कांड्या, नऊ व्होल्टची बॅटरी आणि पाण्यात सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब. ऋणाग्रावर बुडबुड्यांची झुंबड उडते आणि सगळ्या वर्गाच्या नजरा तिकडेच लागतात. त्या वेळी धनाग्राकडे पाहावे. थोड्या वेळाने तिथले पाणी काळपट होते, कांडी खरबरीत होते आणि तिचा चुरा तळाला बसतो. शिसे म्हणजे ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. ऑक्सिजन बाहेर पडता पडता त्या कार्बनलाच खातो. पुस्तक सांगते, हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट. प्रत्यक्षात ऑक्सिजनची नळी निम्म्यापेक्षाही कमी भरते आणि गुरुजी ‘कुठेतरी गळती असेल’ म्हणून वेळ मारून नेतात. हरित हायड्रोजनचे अब्जावधी रुपयांचे कोडे त्या काळ्या चुऱ्यात आहे, असे माझे मत आहे.

आधी विजेचा हिशेब करू. किलोभर हायड्रोजनसाठी किती इलेक्ट्रॉन लागतात ते ठरलेले आहे, त्यात कसर करता येत नाही. त्यामुळे सगळा खर्च व्होल्टवर ठरतो : दर व्होल्टला किलोमागे २६.६ युनिट. तत्त्वतः पाणी १.२३ व्होल्टला फुटू लागते, म्हणजे जेमतेम ३३ युनिट पुरायला हवीत. कारखान्यातला इलेक्ट्रोलायझर मात्र १.८ ते २ व्होल्ट मागतो आणि पंपबिंप धरून ५० ते ५५ युनिट खातो. व्होल्टचा एक दशांश वाचवला, तरी किलोमागे अडीच युनिटांहून जास्त वीज वाचते. उत्प्रेरक शोधणाऱ्यांची सगळी धडपड या दशांशांसाठी चालते. आणि वरकड व्होल्टांतला मोठा वाटा जातो धनाग्रावर.

हायड्रोजनची बाजू त्या मानाने सोपी. दोन इलेक्ट्रॉनांचे काम आणि प्लॅटिनम त्यात तरबेज : हायड्रोजनचा अणू धरायचा तेवढा धरते आणि वेळेवर सोडते. ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, तेही चार पायऱ्यांनी. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर आधी ओएच चिकटतो, मग नुसता ऑक्सिजनचा अणू, मग ओओएच, आणि शेवटी वायू सुटतो. यातले ओएच आणि ओओएच म्हणजे एकाच जुवाला जुंपलेले बैल. एकाची पकड सैल करावी, तर दुसऱ्याचीही तेवढीच सैल होते. आदर्श उत्प्रेरकावर दोघांच्या ऊर्जेत २.४६ इलेक्ट्रॉनव्होल्टचे अंतर हवे. येन्स नॉर्स्कोव्ह, यान रोसमाइस्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर कितीतरी ऑक्साइडे तपासली, तेव्हा अंतर जवळपास सगळीकडे ३.२ च्या आसपास निघाले. म्हणजे काही दशांश व्होल्टांचा दंड ठरलेलाच.

हे झाले वेगाचे. टिकाऊपणाचे दुखणे वेगळे. सौरऊर्जेसारख्या चढ-उतारी विजेला सोयीचा असतो तो प्रोटॉन वाहणाऱ्या पडद्याचा, म्हणजे ‘पीईएम’ इलेक्ट्रोलायझर. आटोपशीर, चटकन कमी-जास्त होणारा. पण त्याचा पडदा तीव्र आम्लासारखा वागतो. आम्ल, वर दोन व्होल्टच्या आसपासचा दाब आणि ताजा ऑक्सिजन : या तिन्हींपुढे निकेल, कोबाल्ट, लोखंड विरघळून जातात. पुरून उरतो तो इरिडियम. १८०३ मध्ये स्मिथसन टेनंट यांना तो सापडला तोच मुळी प्लॅटिनमचे खनिज अम्लराजात विरघळवल्यावर उरलेल्या काळ्या गाळात. जे अम्लराजाला दाद देत नाही, ते धनाग्रावर टिकले यात नवल नाही.

पण तो आहे किती? जगभरात वर्षाला सात-आठ टन, त्यातला बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून. आणि इरिडियमच्या स्वतंत्र खाणी नसतात. प्लॅटिनम काढताना हाती लागेल तेवढाच, त्यामुळे भाव कितीही चढला तरी उत्पादन वाढत नाही. २०२०च्या अखेरीपासून काही महिन्यांतच त्याचा भाव तिपटीहून वर गेला होता. आजच्या रचनेत एक गिगावॉट पीईएमला ढोबळमानाने ४०० किलो इरिडियम लागतो. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे लक्ष्य आहे २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन, आणि त्यासाठी किमान ६० गिगावॉटचे इलेक्ट्रोलायझर. सगळे पीईएम घ्यायचे म्हटले, तर २४ टन इरिडियम लागेल. म्हणजे तीन वर्षे जगातला सगळा इरिडियम एकट्या भारताने उचलायचा!

म्हणून जुन्या अल्कली पद्धतीकडे पुन्हा लक्ष गेले आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात साधे निकेल वर्षानुवर्षे टिकते. भाक्रा-नांगलच्या विजेवर नांगलच्या खत कारखान्यात १९६१ पासून असाच हायड्रोजन काढत. पुढे वीज परवडेना आणि ती पद्धत मागे पडली.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट १९८७ची. डेनिस कॉरिगन यांनी दाखवले की निकेलच्या धनाग्राची तडफ बरीचशी त्याची स्वतःची नसतेच. द्रावणात दहा लाखांत एखादा भाग इतके क्षुल्लक लोखंड असते, ते निकेलच्या ऑक्साइडात शिरते आणि वरकड व्होल्ट उतरवते. २०१४ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या शॅनन बोएचर यांच्या गटाने द्रावणातले लोखंड कसोशीने काढून टाकले, तेव्हा निकेल अगदीच मंद निघाले. ज्या भेसळीपायी रसायनवाले बाटली परत पाठवतात, तीच इथे कामाला येत होती.

अल्कली इलेक्ट्रोलायझरची खोड अशी, की ढग आले आणि वीज मंदावली की हायड्रोजन पडद्यातून ऑक्सिजनच्या बाजूला झिरपू लागतो. हे मिश्रण स्फोटक, त्यामुळे ठरावीक पातळीखाली यंत्र बंदच करावे लागते. पीईएमचा आटोपशीरपणा आणि निकेल-लोखंडाची स्वस्ताई एकत्र आणण्यासाठी ऋणायन वाहणारे पडदे आता बाजारात येऊ लागले आहेत. त्यांचा उत्प्रेरक स्वस्त आहे. दम तुटतो तो पडद्याचा, कारण गरम अल्कलीत त्याचे बहुवारिक झिजत जाते. पुढच्या आठवड्यात या पडद्यांविषयीच.