देवदूत आणि सतरा वर्षांची ल्यूस

सिंदी (मेघे) येथील आमच्या घरात देवदूतांची पुस्तके कधी आली नव्हती. मागच्या उन्हाळ्यात मुलीने लॉरेन केट या अमेरिकन लेखिकेची ‘फॉलन’ मालिका आणली. २००९ ते २०१२ या काळात निघालेले मुख्य चार भाग. मी रागावलोच. मग एका रविवारी शब्दकोश घेऊन स्वतःच बसलो. (कारकुनी इंग्रजी कादंबरीला पुरत नाही!)

डॅनियल हा स्वर्गातून पडलेला देवदूत. ल्यूसवर त्याचे प्रेम. ती दरवेळी सतराव्या वर्षाच्या सुमारास मरते, पुन्हा जन्मते आणि त्याला ओळखत नाही. त्याला मात्र हजारो वर्षांचे सारे आठवते.

मी म्हणालो, “बेटा, तोच आत्मा पुन्हा जन्मतो, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारले आहे. पुनर्जन्म पृथ्वी, आप, तेज, वायू या घटकांचा, आत्म्याचा नाही.”

“माहीत आहे, बाबा. पण तुम्ही पुढचं वाचलंच नाही. या वेळी ल्यूसचा बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणून आता मेली तर ती परत येणार नाही. तिला हा एकच जन्म. तिथूनच मला ती आवडायला लागली.”

मी गप्प बसलो. डॅनियलची टाळाटाळ मला अजूनही पटत नाही. दरवेळी मरायचे ते पोरीनेच का, हेही. दुसरा भाग सध्या माझ्या ऑफिसच्या पिशवीत असतो. कितव्या पानावर आलो, हे मुलगी रोज संध्याकाळी विचारते.