काटा लाल रेघेकडे जातो तेव्हा

एप्रिल-मे आला की रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. आपल्या भागात त्या चोर्ला किंवा आंबोलीच्या चढावर दिसतात. बाजूला पाण्याचा कॅन घेऊन घरचा कर्ता पुरुष, झाडाखाली बायकामुलं, आणि थांबलेल्या प्रत्येक दुचाकीस्वाराचा एक सल्ला. मराठीत 'गाडी तापली', कानडीत 'गाडी बिसी आग्याद री, नीरू हाक्रि'. दोन्ही भाषांत उपाय एकच: पाणी घाला. माझं माहेर सौंसरचं. तिथं मराठीच्या जोडीला हिंदी आहे, आणि तिथंही सल्ला तोच, 'पानी डालो'. पाण्यानं त्या वेळी गाडी घरी पोचते हे खरं. ती तापली का, हे मात्र पाण्यानं कळत नाही.

सौंसर आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे निघालं, की साठ-पासष्ट किलोमीटरवर हे गाव लागतं. राज्य मध्य प्रदेश, घरातली बोली मराठी, शेतात संत्री आणि कापूस. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ पर्यंत सौंसर छिंदवाडा जिल्ह्यात होतं, त्या वर्षी पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात गेला. सीमाभागात सून म्हणून आले तेव्हा दोन भाषांत घर चालवणं मला नवं नव्हतं, फक्त दुसरी भाषा बदलली.

बाबांची गाडी १९९९ सालची मारुती ८००, नंबर एम. पी. २८ चा. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. तोवर आपल्याकडच्या मध्यमवर्गीयाची पहिली गाडी बहुधा हीच असे. बाबा निवृत्त शिक्षक, वय शहात्तर. गाडी स्वतःच चालवतात. आईच्या डोळ्याच्या पडद्यावर नागपूरला उपचार चालू आहेत, महिन्याला एक इंजेक्शन. तारीख लांबली तर गेलेली नजर परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. बसमध्ये आईला उलट्या होतात, दर वेळी भाड्याची गाडी पेन्शनमध्ये बसत नाही. त्यामुळं ही पंचवीस वर्षांची गाडी त्या घरात हौस म्हणून ठेवलेली नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये ती सावनेरच्या अलीकडं तापली. काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ आली, आणि आईची त्या दिवशीची तारीख चुकली. त्यानंतर एका गॅरेजमध्ये पंख्याची मोटर बदलली. पुन्हा तापली. मग थर्मोस्टॅट काढून टाकला, 'आपल्या हवेत याची गरजच नाही' असं सांगून. पुन्हा तापली. तिसऱ्या खेपेला निदान झालं: हेड गॅस्केट गेलं, हाफ इंजिन करावं लागेल. जो आकडा सांगितला, तेवढ्यात तशीच दुसरी जुनी गाडी आली असती. त्यात त्याच वर्षी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरणही होतं. मे महिन्यात मी माहेरी गेले, तेव्हा गाडी भंगारात द्यायचं जवळजवळ ठरलं होतं.

पुढची गोष्ट कळायला इंजिन थंड कसं राहतं ते थोडक्यात पाहू. पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग चाकं फिरवतो, एक तृतीयांश धुरावाटे जातो आणि उरलेला पाण्याला मिळतो. पंप ते पाणी इंजिनाभोवती फिरवतो. वरच्या होज पाइपातून ते रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्यानं निवतं आणि खालच्या पाइपातून पंपाकडे परत जातं. थर्मोस्टॅट हा वाटेवरचा दरवाजा. इंजिन गार असेतो तो बंद राहतो आणि साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडू लागतो. इलेक्ट्रिक पंखा पाणी नव्वदच्या पुढं गेलं की फिरतो. गाडी पळत असेल तर समोरचा वाराच पुरतो, पंख्याचं खरं काम गाडी उभी असताना.

रेडिएटरचं टोपणही नुसतं झाकण नव्हे. आपल्या कुकरसारखंच ते. आत दाब धरून ठेवला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही. अनेक छोट्या गाड्यांच्या टोपणावर ०.९ असा आकडा असतो. एवढ्या जादा दाबाला साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. टोपणाचं रबर कडक झालं, की कुकरची रिंग गेल्यासारखं होतं: शिट्टी नाही, नुसती वाफ. भाग स्वस्तातला, पण तो तपासायचं बहुतेकांना सुचत नाही.

बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं न्यायला सांगितलं. दुकान म्हणजे कडुनिंबाखालचं पत्र्याचं छप्पर. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही. आधी खाटेवर बसवून विचारलं, "गुरुजी, पयले हे सांगा, गाडी गरम कवा होते? उभी असताना, का पळताना?"

या प्रश्नाचं मला फार बरं वाटलं. मी कॉलेजात इतिहास शिकवते. कोणी केलं आणि का केलं, याच्या आधी कधी घडलं हे विचारावं लागतं. गाडीचंही तसंच आहे. सिग्नलला, बाजारात उभी राहून तापते आणि रस्त्याला लागताच काटा उतरतो, तर संशय पंख्यावर: फ्यूज, रिले, सेन्सर, मोटर. चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापते, तर एक तर पाणी कमी आहे किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. उभी असताना ठीक, पण सत्तरच्या वेगाला किंवा चढावर तापते, तर पाणी हवं तेवढं फिरत किंवा निवत नाही. म्हणजे रेडिएटर, पंप, पट्टा, होज.

बाबांची गाडी तिसऱ्या प्रकारात होती. बाजारात तासभर फिरली तरी काही नाही, हायवेला लागली की काटा वर. पंखा बदलण्याचं कारणच नव्हतं. हे बाबांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, पण आधी कोणी विचारलं नाही.

मग मिस्त्रींनी हेड गॅस्केटची परीक्षा घेतली, तीही रात्रभर गाडी ठेवून, सकाळी थंड असताना. ऑइलची पट्टी ओढून पाहिली. गॅस्केट फुटून पाणी ऑइलमध्ये गेलं, की ऑइल ताकासारखं पांढुरकं होतं. इथं ते काळं पण स्वच्छ होतं. टोपण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर बुडबुडे थांबत नाहीत. इथं सुरुवातीचे दोन-चार आले आणि थांबले. मागं सायलेन्सरला पांढरा धूर नाही, गार गाडीचे होज चालू करताच दगडासारखे ताठ झाले नाहीत. "गॅस्केटले काही झालं नाही," मिस्त्री म्हणाले. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागली, खर्च शून्य. हाफ इंजिनला होकार देण्याआधी एवढं तरी आपल्यासमोर करून दाखवायला सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्थात त्या निदानाची भीती खोटी नव्हती. मारुती ८०० चं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. गाडी लाल काट्यावर तशीच दामटली तर हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि मग लेथवर फेसिंग वगैरे चुकत नाही. बाबांनी त्या मार्चच्या दुपारी गाडी लगेच बंद केली होती, म्हणून इंजिन वाचलं.

खरा दोष दोन ठिकाणी निघाला. मिस्त्रींनी रेडिएटर उतरवून त्याच्या वरच्या तोंडात बागेचा पाइप लावला. खालून जाड धार यायला हवी, ती करंगळीएवढी येत होती आणि वरून पाणी ओसंडत होतं. बाबांचा जुना पितळी रेडिएटर आतून चुन्यानं भरला होता. वर्षानुवर्षं त्यात बोअरचं पाणी घातलं गेलं होतं. ज्यांच्या घरी गिझरची कॉइल पांढरी होऊन पाणी तापायला वेळ लागतो, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथं उष्णता पाण्यात शिरत नाही, इथं पाण्यातून बाहेर पडत नाही. तांब्याच्या तुलनेत हा थर शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. बाहेरच्या जाळीतही सौंसरची खूण होती: कापसाचे तंतू, मेलेले किडे आणि धूळ यांची चिकटून बसलेली गादी.

दुसरा दोष मिस्त्रींनी बाबांना खाली वाकवून दाखवला. जुना रेडिएटर तात्पुरता जोडून, कार्ब्युरेटरची तार हातानं ओढून इंजिन पळवलं, आणि खालचा होज पाइप आपोआप चपटा झाला. स्ट्रॉ जोरात ओढल्यावर मिटते तसा. पंप खालच्या पाइपातून पाणी खेचतो. रबर मऊ पडलं, की वेग वाढताच पाइप मिटतो आणि ज्या वेळी पाण्याची सर्वांत जास्त गरज, त्याच वेळी वाट बंद होते. इंजिन हळू चालताना पाहिलं, तर पाइप अगदी ठणठणीत दिसतो.

रेडिएटरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवून घेतली, डाग देऊन तो बंद केला. दोन्ही होज नवे, टोपण नवं, आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसवला. तो नसेल तर इंजिन तापायला उशीर लागतो, तोवर पेट्रोल जास्त जातं आणि झीजही वाढते. उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅट नको, ही समजूत आपल्याकडच्या गॅरेजांतही ऐकू येते. ती चूक आहे. शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं. कूलंट म्हणजे बर्फाळ मुलखाची चैन, असं अनेकांना वाटतं. पण त्यानं पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि गंज धरत नाही. आपल्याला उपयोग आहे तो याचा. सगळा खर्च हाफ इंजिनच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शातच बसला.

जुन्या पिढीला हे सारं नवीन नव्हतं. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिची पद्मिनी घाट चढताना तापायची, आणि डिकीत पाण्याचा कॅन असणं हा प्रवासाचाच भाग होता. मुंबईच्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळं रस्त्यावरून गेली. तो कॅन आता डिकीतून गेला आहे, आणि काट्याकडे बघायची सवयही.

परीक्षेसाठी बाबांनी नागपूरचा सपाट रस्ता न घेता उलट दिशा धरली. रामाकोना ओलांडल्यावर छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानीचा घाट लागतो, सातपुड्याच्या पठारावर चढवणारा. मे महिन्यातली दुपारची वेळ, गाडीत चौघं जण. आई पुढं बसली होती. तिला काटा नीट दिसत नव्हता, म्हणून ती दर वळणाला विचारत होती, "कुठं आला?" आणि बाबा सांगत होते, "मध्यात."

ज्यांची गाडी वाटेतच तापेल, त्यांच्यासाठी मिस्त्रींनी सांगितलेलं जसंच्या तसं देते. एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि काचा खाली घ्या. उन्हाळ्यात हे वेडेपणाचं वाटेल, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. काटा तरीही चढत असेल, वाफ दिसली किंवा पाणी गळत असेल, तर लगेच कडेला घेऊन इंजिन बंद करा. टोपणाला हात लावू नका. दाब सुटताच आतलं पाणी उकळून तोंडावर येतं आणि माणूस भाजतो. किमान अर्धा तास थांबा, वरचा होज हाताला सोसेल इतका निवू द्या, मग टोपणावर फडकं धरून हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

नोंदणीचं नूतनीकरण बाबांनी जूनमध्ये करून घेतलं. १ एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीसाठी ही फी सहाशेवरून पाच हजार झाली होती, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ती आणखी वाढवण्यात आली. नवा कागद पाच वर्षांचा, म्हणजे २०२९ पर्यंतचा. पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी दोघं पहाटे साडेपाचला निघाले आणि आठच्या आत दवाखान्याच्या रांगेत होते. बाबांचा फोन आला तो गाडीबद्दल नव्हता. आईला दवाखान्यातल्या फलकावरची मोठी अक्षरं त्या दिवशी वाचता आली होती.