गोळीवरचं पातळ कव्हर नेमकं काय काम करतं?

मोबाईलला स्क्रीन गार्ड असतो, तसं बऱ्याच गोळ्यांवरही पातळ कव्हर असतं. ते फक्त शोभेसाठी नसतं. ॲसिडिटीवरची पँटोप्राझोल गोळीच घ्या. हे औषध पोटातल्या आम्लात खराब होतं. म्हणून तिच्यावर असं कव्हर चढवतात, जे पोटात टिकतं आणि पुढे लहान आतड्यात गेल्यावर विरघळतं.

कव्हर कशाचं बनतं?

पॉलिमरचं, म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्यांचं. साध्या गोळ्यांवर बहुतेक वेळा हायप्रोमेलोज असतं. ते सेल्युलोजपासून बनतं. गेवराई तालुक्यात तलवाड्याच्या शिवारातला कापूसही मुख्यतः सेल्युलोजच! पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांना मात्र आम्लात न विरघळणारे वेगळे पॉलिमर लागतात.

त्यात आणखी काय मिसळतात?

नुसत्या पॉलिमरची फिल्म अनेकदा कडक होते आणि तडकते. ज्वारीच्या पिठात पाणी कमी पडलं की भाकरीच्या कडा फाटतात, जास्त झालं की पीठ हाताला चिकटतं. इथेही तसंच आहे. ट्रायइथाइल सायट्रेटसारखे छोटे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात, साखळ्या सहज सरकतात आणि फिल्म लवचिक होते. यांना प्लास्टिसायझर म्हणतात. ते जास्त झाले की फिल्म मऊ पडते, गोळ्या एकमेकींना चिकटतात. पांढऱ्या रंगासाठी टाकलेला टायटॅनियम डायऑक्साइड जास्त झाला, तर फिल्म उलट ठिसूळ होते.

औषधही गप्प बसत नाही

तोंडात विरघळणाऱ्या स्ट्रिप्समध्ये औषध फिल्ममध्येच मिसळलेलं असतं. तिथे औषधही फिल्मची रचना बदलतं. उदाहरणार्थ, आयबुप्रोफेन काही ॲक्रिलिक पॉलिमरमध्ये स्वतःच प्लास्टिसायझरचं काम करतं. औषध फिल्ममध्ये मावण्यापेक्षा जास्त झालं, तर त्याचे स्फटिक तयार होतात. फिल्म धुरकट, खरखरीत होते आणि औषध सुटण्याचा वेगही बदलू शकतो.

मग आपण काय करायचं?

- स्ट्रिपवर ‘एन्टेरिक कोटेड’, ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’, ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेलं असेल, तर गोळी मनानं तोडू, कुटू किंवा चावू नका. आजीला गिळता येत नसेल, तर आधी डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारा.
- स्ट्रिपवर छापलेलं तापमान पाळा. बीडच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा गाडीच्या डिक्कीत औषधं ठेवू नका.
- गोळ्या चिकटलेल्या किंवा कव्हर तडकलेलं दिसलं, तर त्या न घेता मेडिकलवर दाखवा.