सांच्यांतील वीरांचें रंगकाम

पोळा जवळ आला कीं शिरपूरच्या बाजारांत मातीच्या बैलांच्या रांगा लागतात. विकणारा पुष्कळदां तेथेंच बसून राहिलेलें रंगकाम पुरें करीत असतो, आणि तें पाहण्यासारखें असतें. एक बैल उचलून तो त्यास शिंगांपासून खुरांपर्यंत रंगवीत नाहीं. आधीं सगळ्यांच्या अंगास एक रंग, मग सगळ्यांचीं शिंगें, मग झुली, आणि डोळे सर्वांच्या शेवटीं. एकदां डोळ्यांचा बारीक कुंचला त्यानें हातीं घेतला म्हणजे एका बैठकींत पन्नास बैल पाहूं लागतात!

त्याच बाजारांत चार दुकानें पलीकडे प्लॅस्टिकचे वीर टांगलेले असतात. कोणी शिपाई, कोणी आकाशांतून उडणारा, कोणी मुखवटा घातलेला. वर्गांत एकदां असाच एक वीर एका विद्यार्थ्याच्या दप्तरांतून खालीं पडला. तो परत देतांना सहज विचारलें, "ह्याला रंग कोणी दिला?" विद्यार्थी म्हणाला, "सर, यंत्रानें." उत्तर निम्मेंच बरोबर होतें. राहिलेल्या निम्म्यासाठीं हा लेख आहे.

अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें १९६४ सालीं 'जी. आय. जो' नांवाचा सुमारें एक फूट उंचीचा शिपाई बाजारांत आणिला. त्याचे हातपाय सांध्यांत वळत आणि अंगावर कापडी गणवेश असे. वस्तुतः ती बाहुलीच. परंतु बाहुली म्हटलें तर मुलगे तिच्याशीं खेळावयाचे नाहींत, ह्या धास्तीनें कंपनीनें 'ॲक्शन फिगर' असें नवें नांव काढिलें. (मुलग्यांची अब्रू राखण्यासाठीं एवढी खटपट करावी लागली, हें आमच्या विद्यार्थिनींनीं ध्यानांत ठेवावें.) १९८२ सालीं हाच शिपाई पावणेचार इंचांचा होऊन पुन्हां आला. ह्या खेपेस कापड गेलें; गणवेश, पट्टे, बूट सर्व अंगाबरोबरच ओतलेले. शिंप्याचें काम संपलें आणि रंगाऱ्याचें वाढलें.

आतां कारखान्यांत चलूं. प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, वीराच्या अंगावर दिसणारा पुष्कळसा रंग वरून दिलेला नसतोच. प्लॅस्टिकचे दाणेच रंगीत असतात. गणवेश हिरवा हवा तर हिरवे दाणे, हातांसाठीं कातडीच्या रंगाचे दाणे. ते वितळवून मोठ्या दाबानें पोलादी सांच्यांत शिरवितात आणि निवतांच भाग बाहेर पडतो. वरून द्यावयाचा रंगाचा प्रत्येक हात म्हणजे एका माणसाची मजुरी, एक निराळें साधन आणि वाळण्यास लागणारा वेळ. म्हणून नमुना ठरवितांनाच कंपनी हिशेब घालते कीं, ह्या वीरास रंगाचे किती हात परवडतील. स्वस्त खेळण्याचा कमरपट्टा पुढून काळा आणि पाठीमागें कोरा असतो, ह्याचें कारण आळस नव्हे, हिशेब होय.

एक कुशल चितारी प्रथम एकच वीर आपल्या हातानें पुरा रंगवितो. तो नमुना मान्य झाला म्हणजे खरी अडचण उभी राहते. हेंच काम हजारों वेळां, आणि तेंहि चितारी नसलेल्या हातांकडून, कसें करून घ्यावें? ह्यासाठीं 'मास्क' नांवाचें साधन आहे. वीराच्या भागाच्या नमुन्यावर विद्युत्प्रवाहाच्या योगें धातूचा थर चढवितात. भांड्यांस मुलामा देतात तोच प्रकार, परंतु थर अधिक जाड. मग तो थर सोडवून घेतला म्हणजे त्या अंगावर तंतोतंत बसणारें कवच हातीं येतें. जेथें रंग हवा तेवढीच खिडकी त्यांत कापून ठेवितात. कामगार कवचांत भाग बसवितो, घट्ट दाबून धरितो, आणि हवेच्या पिचकारीनें खिडकीवर एक फवारा मारितो. कवच उघडलें कीं पट्टा काळा आणि भोंवतालचा भाग स्वच्छ! दुसऱ्या रंगास दुसरें कवच लागतें, तिसऱ्यास तिसरें.

हें ऐकावयास सोपें वाटतें, पण त्यांत एक मेख आहे. दर फवाऱ्याबरोबर थोडा रंग खिडकीच्या कडेवरहि बसतो. कांहीं वेळानें कड जाड होते, कवच अंगाशीं नीट टेकत नाहीं, आणि रंग फटींतून आंत पसरतो. म्हणून कवचें वरचेवर द्रावणांत धुवावीं लागतात. धुण्यास उशीर झाला कीं त्या वेळच्या सगळ्या वीरांच्या पट्ट्यांच्या कडा फुटलेल्या निघतात. शिवाय रंगहि कोणताहि चालत नाहीं. मऊ प्लॅस्टिकमध्यें तें लवचिक राहावें म्हणून तेलासारखें द्रव्य मिसळलेलें असतें. तें हळूहळू वर येतें आणि न जुळणाऱ्या रंगास कायमचा चिकट करून टाकितें. घरीं उरलेल्या तैलरंगानें खेळणीं रंगविणाऱ्या मुलांनीं हा प्रसाद पुष्कळदां घेतला असेल.

डोळे मात्र फवाऱ्यानें साधत नाहींत. त्यांसाठीं ठशाची एक युक्ति आहे. एका धातूच्या पट्टीवर डोळ्यांचें चित्र अगदीं उथळ कोरलेलें असतें. तिच्यावर शाई पसरून पात्यानें निपटली म्हणजे शाई फक्त कोरलेल्या जागीं राहते. मग सिलिकोन नांवाच्या रबरासारख्या पदार्थाचा मऊ गोळा तिच्यावर दाबतात. तो शाई उचलतो आणि वीराच्या चेहऱ्यावर टेकतो. आपल्या कचेरींतील शिक्का सपाट कागदावरच नीट उमटतो. हा गोळा लुसलुशीत असल्यामुळें नाकाच्या बाजूच्या खोलगट जागींहि वळसा घेऊन पोंचतो. आधीं पांढरा ठसा, मग बुबुळ, मग काळा ठिपका. चेहरा धरून ठेवणाऱ्या खांचेंत डोकें केसभर हललें कीं वीर जन्माचा तिरळा! अलीकडे महागड्या वीरांचे चेहरे छायाचित्रासारखे छापणारीं यंत्रेंहि आलीं आहेत, परंतु बाजारांतील सामान्य वीरास अजून हा गोळाच दृष्टि देतो.

कवच बसत नाहीं आणि गोळा पोंचत नाहीं अशा जागा कुंचल्यासाठीं राहतात. जगांतील खेळण्यांचा फार मोठा भाग चीनच्या क्वांगतुंग प्रांतांत तयार होत आला आहे. तेथील कारखान्यांत दूरदूरच्या खेड्यांतून आलेल्या तरुण मुलींनीं हें काम वर्षानुवर्षें केलें आहे. एकीच्या वांट्यास फक्त बक्कल येतें, दुसरीच्या वांट्यास फक्त बुटाचें टोंक. पुरा झालेला वीर तिच्या हातीं येईलच असें नाहीं.

कामाची अशीच वांटणी आपल्याकडे रायगड जिल्ह्यांत पाहावयास मिळते. पेण आणि जवळचीं हमरापूर, जोहे हीं गांवें गणेशमूर्तींसाठीं प्रसिद्ध आहेत. तेथेंहि मूर्ति सांच्यांतून निघतात, अंगाचा रंग पिचकारीनें बसतो, दागिने कुंचल्यानें उठवितात. डोळ्यांची आखणी मात्र वाटेल त्याच्या हातीं देत नाहींत. तिचा कारागीर वेगळा आणि त्याचा मान वेगळा. पेणचा आखणी करणारा आणि ठशाचा तो मऊ गोळा हीं एकाच अडचणीचीं दोन उत्तरें आहेत. एका ठिकाणीं विश्वास माणसाच्या बोटांवर आहे, दुसऱ्या ठिकाणीं डोकें धरून ठेवणाऱ्या खांचेवर. दोहोंत पेणचें उत्तर मला अधिक आवडतें. परंतु त्या भावांत पावणेचार इंचांचा वीर शिरपुरास कोणी घेणार नाहीं, हेंहि मान्य केलें पाहिजे.

हे वीर आपल्या अगदीं शेजारींहि तयार झाले आहेत. टायर करणारी एम. आर. एफ. कंपनी आणि हॅस्ब्रो ह्यांच्या भागीदारीनें १९८७ सालीं फनस्कूल कंपनी स्थापन झाली, आणि तिच्या गोव्यांतील कारखान्यांतून 'जी. आय. जो'चे शिपाई पुढें अनेक वर्षें बाहेर पडले. सांचे मूळचे अमेरिकेचे, म्हणून शरीर हुबेहूब; रंग मात्र गोव्याचे. एकाच नांवाच्या दोन शिपायांचे रंग एकमेकांशीं जुळत नाहींत. अमेरिकी नमुन्यावरील रंगाचा एखादा हात येथें गाळलेला दिसतो. परदेशांतील संग्राहक नेमके हेच फरक शोधीत हे शिपाई मोठ्या हौसेनें जमवितात.

रंगाची एक बाजू मात्र हौसेची नाहीं. पिवळा आणि तांबडा हे रंग स्वस्त आणि झगझगीत करण्यासाठीं शिशाचे क्षार पूर्वींपासून वापरीत आले आहेत. लहान मुलें खेळणें तोंडांत घालतात, आणि शिसें थोडें गेलें तरी वाढत्या मेंदूस अपाय करितें. ऑगस्ट २००७ मध्यें मॅटेल कंपनीनें चीनमध्यें रंगविलेलीं सुमारें पंधरा लक्ष खेळणीं ह्याच कारणानें परत मागविलीं. ज्या कारखान्यांत तीं तयार झालीं, त्याच्या एका मालकानें त्याच महिन्यांत आत्महत्या केली. सदोष रंग त्याला दुसऱ्या पुरवठादाराकडून आला होता. आपल्या देशांत २०१६ च्या नियमांनीं घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लक्ष भागांत ९० भाग अशी ठरली, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक संस्थेची खूण बंधनकारक झाली. ही खूण घेणाऱ्याच्या मुलाकरितां आहे. परंतु शिसें असलेल्या रंगाचा फवारा मुलाच्या तोंडाशीं पोंचण्याच्या कितीतरी आधीं पिचकारी धरणाऱ्याच्या श्वासांत गेलेला असतो.

ज्या विद्यार्थ्यांजवळ असा एखादा वीर असेल, त्यांनीं तो उजेडांत भिंगाखालीं धरावा. जेथें रंगाची कड मऊ आणि किंचित् धुरकट दिसेल तेथें फवारा मारलेला आहे. कड धारेसारखी स्वच्छ असेल तर तो ठसा. आणि कोठें रंग जरा जाड बसला असेल, रेघ शेवटीं निमुळती होऊन किंचित् वांकली असेल, तर तो कुंचला. तेथें कोणाचा तरी हात क्षणभर थांबला होता. भिंग प्रयोगशाळेंत मागितल्यास मिळेल, मात्र तें त्याच दिवशीं परत करावें.