मंडळाचे दार

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात खेळांवर लिहावे, हे पाहून आमच्या सोयगावच्या कॉलेजातले मित्र गालातल्या गालात हसतील. हसू देत बापडे! माझा व्यवहार शब्दांचा, आणि ही हकीकत एका शब्दापासूनच सुरू होते. तो शब्द म्हणजे ‘मंडळ’.

भजनी मंडळ, महिला मंडळ, क्रीडा मंडळ. चार माणसे एकत्र आली की आपल्याकडे मंडळ निघालेच. जर्मन माणसाचेही तसेच. तो त्याला ‘फेराइन’ म्हणतो. त्या शब्दाच्या मुळाशी ‘एक होणे’ आहे, आपल्या शब्दाच्या मुळाशी वर्तुळ आहे. मला आपला शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. कारण वर्तुळ काढले, की आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. जर्मन क्रीडा मंडळांचा आणि त्यांच्या बास्केटबॉलचा इतिहास वाचताना हाच प्रश्न माझ्या मनात सारखा डोकावत राहिला.

जर्मनांची व्यायाम मंडळे जन्मली ती पराभवातून. नेपोलियनने प्रशियाला लोळवले होते. अशा वेळी १८११ साली फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या शिक्षकाने बर्लिनजवळ हाझेनहायडे येथे उघड्या मैदानावर तरुणांना जमवून व्यायाम सुरू केला. आपल्या व्यायामशाळांतले सिंगल बार आणि डबल बार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी यानचे देणे पाहिले आहे. पण तरुण रोज एकत्र जमतात, म्हटल्यावर सरकारला धडकी भरते. १८२० साली प्रशियात या व्यायामावर बंदी आली, ती १८४२ साली उठली. मग गावोगाव मंडळे निघाली. लान नदीकाठच्या गीसन या विद्यापीठाच्या गावी १८४६ साली असेच एक पुरुषांचे व्यायाम मंडळ निघाले. हे नाव लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्या वेळी बास्केटबॉल पृथ्वीवर नव्हताच. तो जन्मला डिसेंबर १८९१ मध्ये, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी. बाहेर कडाक्याची थंडी, आणि आत दांडपट्टीच्या व्यायामाला कंटाळलेली अठरा दांडगी पोरे! त्यांचे काय करावे, या विवंचनेत जेम्स नायस्मिथ या कॅनडात जन्मलेल्या शिक्षकाने पीचच्या दोन टोपल्या सज्जाला, दहा फूट उंचीवर ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. टोपल्यांना तळ होता. त्यामुळे चेंडू पडला की कोणी तरी वर चढून तो काढून द्यायचा! टोपलीचा तळ काढावा, हे सुचायला काही काळ जावा लागला. साध्या गोष्टी अशाच उशिरा सुचतात.

आता १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिककडे वळू. पदकासाठीचा बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये प्रथम खेळला गेला तो येथेच, आणि तो पाहायला म्हातारा नायस्मिथ जातीने हजर होता. सामने टेनिसच्या मातीच्या मैदानांवर, उघड्यावर झाले. १४ ऑगस्टला अंतिम सामन्याच्या वेळी असा पाऊस लागला, की चेंडू चिखलात उसळेनासा झाला. अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरवले. आजच्या खेळाडूला हे गुण एका डावाच्या पहिल्या पाच मिनिटांचे वाटतील! यजमान जर्मनीचाही संघ होता, पण तो पदकाच्या आसपासही पोहोचला नाही. त्याच पावसाने हॉकीचा अंतिम सामना एक दिवस पुढे ढकलला गेला, आणि १५ तारखेला ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८ विरुद्ध १ असे धुऊन काढले. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे.

पण तेव्हा बर्लिनमध्ये आपली आणखी काही माणसे होती. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या आखाड्याचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले होते. त्या मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. आपल्या मातीतली कबड्डी जगाने प्रथम पाहिली ती तेथे. यानच्या गावी वऱ्हाडातले मंडळ! एका पराभूत देशाने उभारलेल्या मैदानाच्या शहरात दुसऱ्या पारतंत्र्यातल्या देशाची तालीम येऊन उभी राहिली. ऊर भरून यावा असाच हा योग आहे.

ऊर भरून येतो खरा. पण त्याच शहराचे एक दार तेव्हा बंद होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच जर्मन व्यायाम मंडळांच्या देशव्यापी संघटनेने ज्यू सभासदांना काढून टाकण्याचा नियम केला. इतर क्रीडा मंडळेही मागे राहिली नाहीत. ग्रेटेल बेर्गमान ही उंच उडी मारणारी मुलगी. उल्मच्या तिच्या मंडळाने तिला ज्यू म्हणून बाहेर काढले. ती इंग्लंडला गेली, तेथे १९३४ साली अजिंक्य ठरली. ऑलिम्पिकवर जगाने बहिष्कार घालू नये, म्हणून देखाव्यापुरते तिला परत बोलावण्यात आले. १९३६ च्या जूनमध्ये तिने १.६० मीटर उडी मारून जर्मन विक्रमाशी बरोबरी केली. आणि स्पर्धेला काही आठवडे उरले असताना तिला संघातून वगळण्यात आले. बर्लिनमध्ये त्या स्पर्धेचे सुवर्णपदक मिळाले ते १.६० मीटरलाच! जर्मनीने तिचा विक्रम पुन्हा मान्य केला २००९ साली. तेव्हा ती पंचाण्णव वर्षांची होती.

ज्या मंडळात लहानपणापासून उड्या मारल्या, त्याच मंडळाने एके दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणावे, हे दुःख शत्रूने केलेल्या घावाहून निराळे असते. हे सांगणारे रोजचेच सोबती असतात.

याच वर्षांत आपल्या मुंबईत काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी १९२५ साली भारतात आले. गिरणगावालगतच्या नागपाड्यात दाट, गरीब, सर्व धर्मांची वस्ती. मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती. आणि आसपास ज्यूही होते. त्यांतले बेने इस्राएल तर घरी मराठी बोलणारे, कोकणात ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत ते. या वस्तीत मॅन्शार्ट यांनी ‘नेबरहुड हाउस’ उभारले, म्हणजे शेजारघर म्हणा ना! १९३६ साली, बर्लिन ऑलिम्पिकच्याच वर्षी, या घराच्या आश्रयाने सर दोराबजी टाटांच्या नावाचे समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले. पुढे देवनारला गेलेली टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक.

नागपाड्यात बास्केटबॉल रुजला तो या शेजारघराच्या आणि मस्तान तलावाजवळच्या वाय. एम. सी. ए.च्या मैदानांवर. हा खेळ या वस्तीला सोसणारा होता. क्रिकेटला मैदान लागते, पांढरे कपडे लागतात. बास्केटबॉलला दोन खांब आणि एक चेंडू पुरतो. गल्लीतली पोरे तेथे वाढली, देशाच्या संघापर्यंत गेली, खेळाच्या जोरावर नोकरीला लागली. गुलाम अब्बास मुंतसिर याच वस्तीतले. ते भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, आणि खेळणे थांबल्यावर त्यांनी त्याच वस्तीतल्या पोरांना शिकवले. मोठा क्लब नाही, राजाश्रय नाही. दार मात्र सताड उघडे.

आता गीसनला परत जाऊ. १९४४ च्या डिसेंबरमध्ये बॉम्बफेकीत हे गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले. युद्धानंतर तेथे अमेरिकन सैन्याची छावणी पडली. बास्केटबॉल जर्मनीत खऱ्या अर्थाने पसरला तो या सैनिकांच्या पावलांनी. कालच्या शत्रूचा खेळ कालच्या राष्ट्राभिमानी व्यायाम मंडळाने आपला म्हटला. आणि १८४६ च्या त्या जुन्या मंडळाच्या बास्केटबॉल संघाने १९६५, १९६७, १९६८, १९७५ आणि १९७८ अशी पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. पुढे संघाच्या नावातच ४६ हा आकडा आला. याच संघातून खेळलेला होल्गर गेशविंडनर १९७२ च्या म्यूनिक ऑलिम्पिकमध्ये जर्मनीचा कर्णधार होता. आणि वूर्त्सबुर्गच्या मंडळात खेळणाऱ्या डिर्क नोविट्स्की या उंच मुलाला घडवणारा गुरूही तोच. नोविट्स्कीने २०११ साली अमेरिकेतल्या डॅलसच्या संघाला व्यावसायिक अजिंक्यपद मिळवून दिले.

आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मनिला येथे सर्बियाला ८३ विरुद्ध ७७ असे हरवून जर्मनी बास्केटबॉलचा जगज्जेता झाला. कर्णधार आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू डेनिस श्रोडर. त्याची आई गांबियाची. १९३६ साली या मुलाला कोणत्या जर्मन मंडळाने आत घेतले असते?

म्हणून मला वाटते, मंडळाची खरी कसोटी त्याच्या कपाटातल्या ढालींवर नसते. दार किती उघडे, यावर ती असते. आणि दार नेहमी नियम करूनच बंद होते असे नाही. आमच्या सोयगावात आसपासच्या खेड्यांतून आणि तांड्यांवरून मुली शिकायला येतात. त्यांच्यात धावणाऱ्या आहेत, उड्या मारणाऱ्या आहेत. पण खेळाची वेळ संध्याकाळची आणि त्यांच्या गावाची एस.टी. त्याआधीची! कोणी त्यांना ‘येऊ नका’ म्हटलेले नाही. तरी त्या वर्तुळाबाहेरच राहतात. खेळाची वेळ सकाळवर आणली, तर त्यांतल्या निम्म्या तरी आत येतील. टोपलीचा तळ काढण्याइतकेच हे सोपे आहे.

शहरातल्या वाचकांच्या मुलांना असे अडत नसेल. पण सुट्टी संपल्यावर मुलाचे नाव एखाद्या क्लबात घालाल, तेव्हा फी आणि बुटांची चौकशी करून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा : आमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंचा मुलगा येथे खेळू शकेल का? उत्तर ‘हो’ आले, तर खुशाल पैसे भरा. ते मंडळ चांगले आहे.