पाणी बनवणारे जहाज ठाण्याच्या कामाचे का?

4 डिसेंबर 2014. मालदीवची राजधानी माले इथल्या, समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. ना नदी, ना धरण. भारतीय नौदलाची नौका ‘सुकन्या’ ताबडतोब तिकडे वळली. पाठोपाठ मुंबईहून ‘दीपक’ सुमारे 10 लाख लिटर पाणी घेऊन निघाली. शिवाय समुद्राचे पाणी घेऊन दिवसाला लाखभर लिटर गोडे पाणी करण्याची सोय ‘दीपक’वर होती.

मग ठाण्यातल्या वर्तकनगरच्या सोसायट्यांनी टँकरची वाट का पाहायची? ठाण्याला एवढी खाडी असताना असे जहाजच का आणू नये?

तंत्र घरच्या आरओचेच आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. लांब नळकांड्यांत घट्ट गुंडाळलेल्या पडद्यांवर ते पाणी हवेच्या दाबाच्या साठपट जोराने रेटतात. गोडे पाणी पार होते, निम्म्याहून जास्त पाणी आणखी खारट होऊन मागे उरते. हे पडदे गाळाने लगेच तुंबतात. ठाण्याची खाडी उथळ, चिखलाची आणि सांडपाण्याने भरलेली. त्यातून ती रोहित पक्ष्यांचे अभयारण्य. 2022 पासून रामसर स्थळही. तिथे हे जास्त खारट पाणी सोडणे मला तरी मान्य होणार नाही. जहाज खुल्या समुद्रातच उभे करावे लागेल, आणि तिथून वर्तकनगरपर्यंत पाणी पंपाने आणावे लागेल.

आता हिशेब. चेन्नईपासून 40 किलोमीटरवर, भर समुद्रात, 2007 साली आपल्या शास्त्रज्ञांनी तराफ्यावर दिवसाला 10 लाख लिटरचा प्रकल्प चालवून दाखवला. त्यांची रीत वेगळी होती: वरचे कोमट पाणी निर्वातात उकळायचे आणि खोल समुद्रातल्या गार पाण्याने वाफ थिजवायची. कामगिरी मोठीच. पण माणशी 135 लिटर धरले, तर ते पाणी साडेसात हजार लोकांनाही पुरत नाही. आरओने तेवढेच पाणी करायला रोज तीन-चार हजार युनिट वीज जाते.

म्हणजे ठाण्याची तहान मुख्यतः भातसा धरणच भागवणार. त्याच भातसाच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात गावे टँकरवर जगतात, म्हणून शहरातल्या नळांची गळती थांबवणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.

जहाजाची खरी गरज कोकणाला आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे पंप नाही, नळही नाही. स्वतःची वीज आणि स्वतःचे पाणी करणारे एक जहाज राज्य सरकारने या किनाऱ्यासाठी कायम सज्ज ठेवावे.