एका गोळीत दोन औषधे



गेल्या पावसाळ्यात आमच्या पाड्यावरील एक आजी चुलीपासून उठताना चक्कर येऊन पडल्या. भेटीला गेलो तेव्हा त्यांच्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या निघाल्या. डॉक्टरांनी जुन्या दोन गोळ्यांऐवजी तीच दोन औषधे असलेली एकच गोळी दिली होती. आजींना वाटले, एक गोळी वाढवली. आठवडाभर त्या तिन्ही घेत होत्या, म्हणजे प्रत्येक औषध दुप्पट! ‘जुन्या बंद करा’ एवढेच त्यांना नीट समजले नव्हते. हाड मोडले नाही, ही देवाची कृपा.

अशी जोडगोळी का देतात? रक्तदाब वारंवार 140/90 किंवा त्याहून अधिक भरला की उपचाराचा विचार होतो. पुष्कळांचा दाब एका औषधाने आटोक्यात येत नाही, कारण तो वाढण्याची वाट एकच नसते. अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. टेल्मिसार्टन त्या आवळणाऱ्या संप्रेरकाला अडवते. काही गोळ्यांत जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढणारे औषध असते. एकाच औषधाची मात्रा वाढवण्यापेक्षा दोन औषधे थोडी थोडी दिली तर गुण अधिक येतो. अॅम्लोडिपिनने येणारी पायांची सूजही टेल्मिसार्टन जोडीला असल्यास कमी राहते. शिवाय एकच गोळी लक्षात ठेवणे सोपे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये अशा गोळ्यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

घेताना एवढे सांभाळावे :

• नवी गोळी मिळाली की जुन्या पट्ट्या दाखवून विचारावे, ‘यांतल्या कोणत्या बंद?’
• रोज ठरलेल्या वेळी घ्यावी. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.
• टेल्मिसार्टनसारखे औषध गरोदरपणात बाळाला घातक ठरते. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे.
• जुलाब-उलट्या होत असतील, फार चक्कर येत असेल, तर लगेच दवाखान्यात विचारावे.
• अंगदुखीसाठी दुकानातून मनाने गोळी आणू नये. काही वेदनाशामकांनी दाब वाढतो व मूत्रपिंडावर ताण येतो.

दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि गोळ्या घरीच राहतात. ‘बरे वाटते’ म्हणून, कधी ‘प्रार्थना झाली’ म्हणूनही त्या बंद होतात. पण वाढलेला दाब बहुधा दुखत नाही. तो एकदम लकव्याने किंवा हृदयविकाराने कळतो. गोळी घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे.

आपल्या मंडळीतील सुशिक्षित तरुणांना एक विनंती. रविवारी उपासनेनंतर वडीलधाऱ्यांच्या पट्ट्या पाहा, त्यांवरील नावे वाचून दाखवा. एकच औषध दोन पट्ट्यांवर दिसले, तर त्यांना आशाताईंकडे किंवा डॉक्टरांकडे घेऊन जा. आजी आता एकच गोळी घेतात. जुन्या पट्ट्या त्यांच्या नातीने उपकेंद्रात परत दिल्या.